ऑडी टीटी: गोल पाठ आणि वाऱ्याची कटकट

ऑडी टीटी ही स्पोर्ट्स कार पहिल्यांदा दिसली 1995 च्या फ्रँकफर्ट मोटर शोमध्ये, तेव्हा नुसती कॉन्सेप्ट होती, म्हणजे दाखवायला केलेली नमुना गाडी. डिझायनर जे मेज आणि फ्रीमन थॉमस यांच्या टीमची ही आयडिया, सगळी गोलाई, छत मागं उतरतं ते एका दमात बंपरपर्यंत. शोमधली गाडी विक्रीला येईपर्यंत सहसा ओळखू येत नाही, पण ही 1998 ला आली ती जवळपास तशीच, आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

डोळ्यांना दिसणारा मोठा बदल म्हणजे दारामागची छोटी काच. कॉन्सेप्टमध्ये तिथं नुसता पत्रा होता आणि खरं सांगू का, तेव्हा गाडी जरा बोजडच वाटायची.

मेहनत लागली ती जोडात. सात रस्ता चौकात उभ्या असलेल्या साध्या गाड्यांची छतं बघा, बहुतेकांना दोन्ही कडेला लांब काळी पट्टी दिसेल, तिच्याखाली छताचा आणि साइडचा पत्रा स्पॉट वेल्डिंगनं जोडलेला असतो, पट्टी म्हणजे झाकपाक. टीटीच्या छत धरणाऱ्या मागच्या खांबाला असली रेघ चालणारच नव्हती. म्हणून लेझर ब्रेझिंग केलं, म्हणजे लेझरनं तांब्याच्या मिश्रधातूची तार वितळवून फटीत भरायची, पत्रा स्वतः वितळत नाही, वर रंग बसला की जोड शोधून सापडत नाही.

आता वारा. वळवाच्या वाऱ्यात आपल्याकडं शेडचे पत्रे उडतात ना, वरून जोरात जाणाऱ्या हवेचा दाब कमी होतो आणि पत्रा वर ओढला जातो, टीटीच्या मागच्या चाकांवर तेच व्हायचं. हवा गोल पाठीला चिकटून खाली वळायची आणि मागचा भाग हलका करायची. ही ओढ स्पीडच्या वर्गानं वाढते, 60 ला जेवढी त्याच्या नऊपट 180 ला. जर्मनीत ऑटोबानवर काही ठिकाणी स्पीड लिमिटच नाही, तिथं जोरात जाताना अचानक लेन बदलली किंवा वळणावर ॲक्सिलरेटर सोडला की मागचा भाग निसटायचा, अपघात झाले, माणसं गेली. मग ऑडीनं गाड्या परत बोलावल्या, सस्पेन्शन बदललं, ईएसपी दिलं, म्हणजे गाडी घसरायला लागली की आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा, आणि डिकीवर छोटा स्पॉयलर बसवला, म्हणजे हवेची ती ओढ मोडणारी पट्टी. तो नंतर चिकटवलाय हे लगेच कळतं, पण टायर रस्त्याला धरून राहतात.

2006 च्या दुसऱ्या टीटीत स्पॉयलर डिकीतच लपवला, साधारण 120-125 च्या वर गेलं की आपोआप उठतो. आपल्या पुणे हायवेवर त्याच्या आधी चलान येईल म्हणा, पण बटण दाबूनही वर करता येतो.