किरायाच्या घरात स्वतःच्या नावाचं मीटर: कोणाला मिळतं, कागद कोणते, आणि गरम पाण्याचा हिशोब

किरायाने राहणाऱ्या माणसालाही स्वतःच्या नावाने विजेचं मीटर मागता येतं. वीज कायदा २००३ च्या कलम ४३ प्रमाणे जागेचा मालक किंवा त्या जागेत राहणारा भोगवटादार, दोघांपैकी कोणीही अर्ज केला तर महावितरणला जोडणी द्यावी लागते. झेडपी शाळेतले गुरुजी, उपकेंद्रातल्या सिस्टर, बदलून आलेले बँकेचे कर्मचारी, तालुक्याला शिकायला आलेली पोरं, खेड्यापाड्यांत किरायाने राहणारे यातले बरेच जण हे कधी विचारतच नाहीत. मालक सांगेल ती रक्कम किरायासोबत देऊन मोकळे होतात. उन्हाळ्यात कूलर आणि हिवाळ्यात पाणी तापवायचा रॉड लागला की ती रक्कम फुगते, आणि का फुगली हे कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून अर्जाच्या आधी हिशोब. डिसेंबर-जानेवारीत गोंदिया-नागपूरकडे पारा चांगलाच उतरतो, चिखलदऱ्याचं तर विचारूच नका. पऱ्हाट्या-तुराट्यांवर पाणी तापवायची सोय किरायाच्या खोलीत बहुधा नसते. पंधरा लिटरची बादली १५ अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवायला साधारण अर्धा युनिट वीज लागते. १५०० वॅटचा रॉड वीसेक मिनिटांत ते काम करतो. गीझर घेतला तरी त्या बादलीला लागणारी उष्णता तेवढीच. फरक इतकाच की गीझर पाणी तापलं की आपोआप थांबतो आणि रॉड थांबत नाही. रॉड लावून कामात गुंतलात आणि तासभर विसरलात, तर दीड युनिट गेलं. चार माणसांच्या चार बादल्या म्हणजे दिवसाला दोन युनिट, महिन्याला साठ. दिवे, टीव्ही आणि लहान फ्रिजचे पस्तीसेक धरले तर कुटुंब पंच्याण्णवच्या घरात जातं.

आता घरगुती दराचे टप्पे बघा: १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. दुसऱ्या टप्प्यातला युनिटचा दर पहिल्याच्या दुपटीच्या आसपास असतो, आणि वहन आकार, इंधन समायोजन, १६ टक्के वीज शुल्क हे त्यावर वेगळं. अशी पंच्याण्णव युनिटवाली तीन कुटुंबं एकाच मीटरवर असली तर वापर २८५. त्यातले पहिले शंभर स्वस्त, उरलेले १८५ महाग. हीच तीन कुटुंबं आपापल्या मीटरवर असती, तर सगळेच युनिट पहिल्या टप्प्यात बसले असते. कोणी जास्त वीज जाळली नाही, कोणी चोरली नाही, तरी बिल वाढलं. दर मीटरचा स्थिर आकार (वापर कितीही असो, दर महिन्याची ठरलेली रक्कम) वेगळा भरावा लागतो हे खरं, पण महिन्याला दीडशे-दोनशे युनिट महाग टप्प्यात जात असतील तर स्वतंत्र मीटर फायद्याचंच पडतं.

माझं स्पष्ट मत असं: वर्षभर किंवा जास्त राहायचं असेल, कुटुंब सोबत असेल आणि पाणी विजेवरच तापवायचं असेल, तर स्वतःच्या नावाने जोडणी घ्या. सहा महिन्यांसाठी आलेल्या एकट्या माणसाला सब-मीटर, म्हणजे मालकाच्या मीटरपुढे खोलीपुरतं लावलेलं छोटं मीटर, पुरतं. मात्र सब-मीटर हा मालक आणि किरायदार यांच्यातला खासगी हिशोब आहे. महावितरण त्याचं रीडिंग घेत नाही, त्यावरून बिलही काढत नाही. त्यामुळे खोलीत शिरताना आकडा दोघांनी मिळून लिहून घ्यावा, मीटरचा फोटो काढून ठेवावा, आणि युनिटमागे किती रुपये हे करारातच लिहावं. ‘बिल येईल त्या प्रमाणात’ असं ठरलं असेल, तर मालकाच्या मूळ बिलाची प्रत दर महिन्याला मागायला संकोच कशाला?

कागदपत्रं

दोन गोष्टी सिद्ध करायच्या असतात: तुम्ही कोण, आणि तुम्ही त्या जागेत राहता. ओळखीसाठी आधार, मतदार ओळखपत्र, पॅन किंवा वाहन परवाना यातलं काहीही चालतं. अडचण दुसऱ्या कागदाची. खेड्यात किराया तोंडी ठरतो, पावती कोणी देत नाही. सर्वांत मजबूत कागद म्हणजे नोंदणी केलेला भाडेकरार. अशा लिव्ह अँड लायसन्स कराराला एकूण किरायाच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क आणि ग्रामीण भागात ५०० रुपये नोंदणी शुल्क लागतं, आणि नोंदणी ऑनलाइनही होते. लहान किरायासाठी हा खर्च फार नाही, आणि पुढे दहा ठिकाणी हाच करार कामी येतो. त्यासोबत मालकाचं संमतीपत्र, मालकाच्या नावाचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा किंवा घरपट्टीची पावती जोडा. सरकारी क्वार्टर असेल तर वाटपाचं पत्र.

मालकाने संमती दिली नाही तर? सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिलीप विरुद्ध सतीश या महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात म्हटलं आहे की वीज ही मूलभूत सुविधा आहे, आणि मालकाने ना-हरकत दिली नाही एवढ्या कारणावरून किरायदाराला ती नाकारता येत नाही. अर्जदार त्या जागेत खरोखर राहतो की नाही, एवढंच वीज कंपनीने तपासायचं. कार्यालयात ‘मालकाची सही आणा’ म्हणून परत पाठवलं, तर या निकालाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. तोंडी नकाराला पुढे कुठे दाद मागता येत नाही. अर्थात मालकाशी बोलून, त्याची भीती समजून घेऊन संमती मिळाली तर ते केव्हाही बरं. किरायदाराच्या नावाने मीटर झालं की तो घरावर हक्क सांगेल, ही भीती बऱ्याच मालकांना असते. वीजबिल हा मालकीचा पुरावा नाही, हे त्यांना शांतपणे सांगा.

अर्ज कसा होतो

महावितरणच्या संकेतस्थळावर, मोबाइल ॲपवर किंवा जवळच्या शाखा कार्यालयात नव्या जोडणीचा ए-१ अर्ज भरता येतो. सोबत परवानाधारक ठेकेदाराचा वायरिंग चाचणी अहवाल लागतो. गावातला वायरमन कितीही हुशार असला तरी परवाना नसेल तर त्याची सही चालत नाही. त्याच घरात मालकाचं मीटर आधीच असेल, तर तुमच्या भागाची वायरिंग त्यापासून पूर्ण वेगळी आहे का, स्वयंपाक आणि ये-जा स्वतंत्र आहे का, हे पाहिलं जातं. ते आधीच करून ठेवा. जागेवर जुनी थकबाकी असेल तर काम तिथेच अडतं, म्हणून खोली घेण्यापूर्वीच मालकाचं ताजं बिल बघून घ्या.

पुढे डिमांड नोट येते. तिच्यात सेवा जोडणी शुल्क आणि सुरक्षा ठेव असते. ही ठेव तुमचीच राहते आणि तिच्यावर व्याजही मिळतं. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे ग्रामीण भागात जोडणीची मुदत १५ दिवस, डोंगराळ ग्रामीण भागात ३० दिवस. नवे खांब किंवा लाईन टाकावी लागणार असेल तर जास्त वेळ जातो.

अर्जात भार, म्हणजे घरातली उपकरणं मिळून किती किलोवॅट ओढतील तो आकडा, लिहिताना घाई करू नका. इथे बरेच जण चुकतात, आणि चूक जिवावर बेतू शकते. अर्धा-एक किलोवॅट भार लिहून नंतर तीन किलोवॅटचा इन्स्टंट गीझर लावला, तर तो एकटाच तेरा अँपिअर ओढतो. जुन्या घरातली बारीक वायर आणि साधं सॉकेट तेवढं सोसत नाही. १६ अँपिअरचं सॉकेट, जाड वायर, खरोखर जमिनीत गेलेलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) हे सगळं असेल तरच गीझर लावा. रॉड बादलीत असताना पाण्यात हात घालू नका. आधी बटण बंद, मग प्लग काढायचा, मग रॉड बाहेर. पोरांना हे पुन्हापुन्हा सांगा.

काही ठिकाणी आता टीओडी मीटर, म्हणजे कोणत्या वेळी किती वीज वापरली हे वेगळं मोजणारे मीटर, बसतात. अशा मीटरवर घरगुती ग्राहकाला १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर सवलत आहे. पहाटेच्या आंघोळीला तिचा उपयोग नाही, पण धुण्याचं पाणी किंवा इस्त्री दुपारी उरकता येते.

खोलीत राहणं नसून फक्त शिवणकामाचं दुकान किंवा झेरॉक्सचं मशीन असेल तर घरगुती मीटर वापरू नका. राहत्या घराच्या एका भागात असा धंदा असेल, तर महिन्याला ३०० आणि वर्षाला ३६०० युनिटपर्यंत घरगुती दरच लागतो. गैरवापर तपासणीत सापडला तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते.

तक्रार आधी १९१२ वर किंवा उपविभागीय कार्यालयात करावी. दाद मिळाली नाही तर तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येतं, आणि त्यानंतर विद्युत लोकपालांकडे (विदर्भासाठी नागपूरच्या). बिल थकलं तरी कलम ५६ प्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय लाईन कापता येत नाही. मालकाने स्वतःच लाईन तोडली, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम २९ त्याला मनाई करतं; मात्र हा कायदा अनुसूचीत दिलेल्या शहरा-गावांनाच लागू आहे, म्हणून आपलं गाव त्यात येतं का ते तहसीलमध्ये विचारा.

बदली झाली, घर सोडायचं झालं, की मीटर तसंच टाकून जाऊ नका. नंतर येणारा त्याच मीटरवर वीज वापरेल आणि बिल तुमच्या नावावर चढत राहील. पुढचा किरायदार तयार असेल तर नावबदलाचा अर्ज करा, नसेल तर कायमस्वरूपी जोडणी बंद करण्याचा. शेवटचं रीडिंग, शेवटचं बिल आणि बँक खात्याचा तपशील देऊन ठेव परत मागा, आणि अर्जाची पोच पैसे खात्यात येईपर्यंत जपून ठेवा.