वॅट वेगळे, युनिट वेगळे: इन्स्टंट आणि स्टोरेज गीझरमधली खरी गल्लत

दिवाळी उलटून नाशिकमध्ये पहाटेचा गारठा जाणवू लागला की मेन रोडवरच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानांत एकच संवाद पुन्हा पुन्हा ऐकू येतो. गिऱ्हाईक विचारते, ‘‘वीज कमी कोणता गीझर खातो?’’ विक्रेता खोक्यावरच्या आकड्यावर बोट ठेवून सांगतो, ‘‘काका, इन्स्टंट ३००० वॅटचा, स्टोरेज २००० वॅटचा. बिल कमी हवे असेल तर २००० वॅटचा घ्या.’’ चार दुकाने पुढे गेले की नेमका उलटा सल्ला मिळतो, की इन्स्टंट झटपट पाणी देतो, म्हणून तोच वीज वाचवतो. हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि दोन्हींच्या मुळाशी एकच गल्लत आहे. ती दरवर्षी ऐकून मी खरोखर कंटाळलो आहे, कारण तिच्यापायी माणसे गरजेला न जुळणारे यंत्र घेतात आणि पुढची दहा वर्षे ते वापरत राहतात.

दोन्ही यंत्रे सर्वांच्या परिचयाची आहेत, म्हणून त्यांच्या रचनेवर फार शब्द खर्च करत नाही. स्टोरेज गीझरमध्ये १०, १५ किंवा २५ लिटरची, भोवती फोमचे आवरण असलेली टाकी असते; पाणी आधी तापते, मग आपण ते घेतो. इन्स्टंटमध्ये भांडे १ ते ५ लिटरचे असते आणि पाणी वाहता वाहता तापते. बाहेरचा आकार, रंग किंवा तापमान दाखवणारा दिवा यांचा विजेशी काहीही संबंध नाही.

आता मुख्य मुद्दा. वॅट हा वीज ओढण्याचा वेग आहे आणि बिल येते ते युनिटांचे, म्हणजे ओढलेल्या एकूण विजेचे. नळ बारीक सोडला काय किंवा पूर्ण सोडला काय, हंडा भरायला पाणी तेवढेच लागते. १ लिटर पाणी १ अंश सेल्सिअसने तापवायला १ किलोकॅलरी उष्णता लागते आणि १ युनिट (म्हणजे १००० वॅट तासभर) विजेतून सुमारे ८६० किलोकॅलरी उष्णता मिळते. जानेवारीत गच्चीवरच्या टाकीतले पाणी १७ अंशांचे आहे आणि आंघोळीला २० लिटरची बादली ४१ अंशांवर हवी आहे, असे धरू. २० लिटर गुणिले २४ अंश म्हणजे ४८० किलोकॅलरी, अर्थात साधारण ०.५६ युनिट. ३००० वॅटचा इन्स्टंट हे काम ११ मिनिटांत करील, २००० वॅटचा स्टोरेज १७ मिनिटांत आणि १५०० वॅटचा रॉड २२ मिनिटांत. पण बादलीत शिरणारी वीज तिन्ही वेळा तीच राहील. ३००० वॅटवर मीटर जोरात पळताना दिसते हे खरे, परंतु ते तितकेच लवकर थांबते.

कोणी विश्वास ठेवीना, म्हणून मागच्या हिवाळ्यात मी इंदिरानगरच्या घरी एका सकाळी फ्रिजसकट सगळी बटणे बंद करून, स्वयंपाकघरातला थर्मामीटर बादलीत धरून हे करून पाहिले. इन्स्टंटच्या बादलीनंतर मीटर ०.६ युनिटाने पुढे गेले होते. नंतर १५ लिटरचा स्टोरेज ६० अंशांपर्यंत तापवून बटण बंद केले आणि त्यातले ११ लिटर कढत पाणी घेऊन वर ९ लिटर विसण घातले. मीटर ०.८ ने पुढे गेले. एवढ्यावरून इन्स्टंट किफायतशीर असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल, कारण ०.२ युनिटाची उष्णता टाकीतच शिल्लक होती आणि पाठोपाठ दुसरे कोणी आंघोळीला गेले असते तर ती कामी आली असती. ती वाया जाते केव्हा? तेवढी एकच आंघोळ होऊन टाकी दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच निवत राहते तेव्हा. अशा घरात महिन्याला पाच-सहा युनिटे कोणाच्याही अंगावर न पडता जातात. महावितरणच्या दररचनेत १०० आणि ३०० युनिटांच्या पुढे दर चढत जात असल्याने ही वरची युनिटे आपल्या सर्वांत महाग टप्प्यातली असतात.

म्हणजे या दोन यंत्रांत विजेचा जो फरक आहे तो पाणी तापवण्यात नाही, तर तापलेले पाणी निवण्यात आहे. नेमके हेच न कळल्यामुळे गीझरच्या वीजबचतीच्या लेबलावरील ताऱ्यांचाही (स्टार रेटिंगचाही) चुकीचा अर्थ लावला जातो. पाच तारे म्हणजे कॉइल कमी विजेत पाणी तापवते, ही समजूत साफ चुकीची आहे. कॉइल कोणत्याही कंपनीची असो, ती जवळजवळ सगळ्या विजेची उष्णताच करते. बोअरच्या पाण्याचे क्षार तिच्यावर चढले तरी उष्णता अखेर पाण्यातच जाते. वेळ थोडा वाढतो आणि कॉइल लवकर जळते, म्हणून ती साफ करावी एवढेच. स्टोरेज गीझरच्या लेबलावरचे तारे सांगतात ते एवढेच, की पाणी आणि भोवतालची हवा यांच्यात ४५ अंशांचा फरक राखताना त्या टाकीतून २४ तासांत किती युनिटांची उष्णता निसटते. तो आकडा लेबलावर छापलेला असतो. जे घर गीझर दिवसभर चालू ठेवते आणि ‘लाल दिवा बंद आहे, म्हणजे वीज जात नाही’ असे मानते, त्याने तो ३० ने गुणून पाहावा. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी निवले की कॉइल आपोआप चालू करणारे बटण, दिवसातून अनेकदा तो दिवा पुन्हा लावत असतो.

१ युनिटामागे ८६० किलोकॅलरींची ही मर्यादा ओलांडणारे विजेचे एकच साधन आहे, आणि ते म्हणजे हीट पंप. तो विजेची उष्णता करत नाही, तर हवेतली उष्णता उचलून पाण्यात नेतो, त्यामुळे १ युनिटात साधारण ३ युनिटांचे काम होते. त्याची किंमत आणि जागेची गरज पाहता तो मोठ्या कुटुंबाच्या बंगल्यात किंवा वसतिगृहात शोभतो. दोन खोल्यांच्या फ्लॅटसाठी त्याचा आग्रह धरणे मला पटत नाही.

वॅटच्या आकड्याला महत्त्व आहे, पण ते दुसऱ्या कारणांसाठी. ३००० वॅट म्हणजे २३० व्होल्टला १३ अँपिअर. त्याला १६ अँपिअरचा सॉकेट, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि चांगले अर्थिंग हवेच. लहान सॉकेटमध्ये जुगाड करून इन्स्टंट चालवणे म्हणजे घराला आग लावण्याची तयारी करणे होय. शिवाय ३००० वॅटमध्ये २५ अंशांनी तापलेले पाणी मिनिटाला जेमतेम पावणेदोन लिटर मिळते. नळ पूर्ण सोडून पाणी कोमट येते अशी तक्रार करणाऱ्यांनी, किंवा शॉवरला इन्स्टंट जोडणाऱ्यांनी, हे गणित आधी करायला हवे होते. व्होल्टेज २०० वर उतरले तर ३००० वॅटचे सुमारे २२७० वॅटच उरतात आणि धार आणखी बारीक करावी लागते. स्टोरेजला अशा वेळी फक्त काही मिनिटे जास्त लागतात.

त्यामुळे माझी पसंती स्पष्ट आहे. चार माणसे सकाळी पाठोपाठ बादलीने आंघोळ करतात अशा नाशिकच्या नेहमीच्या घराने १५ लिटरचा पाच तारे असलेला स्टोरेज घ्यावा. तो न्हाणीघराच्या नळाजवळच बसवावा, कारण अर्ध्या इंची नळाच्या १० मीटर लांबीत पावणेदोन लिटरच्या आसपास पाणी अडकून दरवेळी निवते. एकटा राहणारा माणूस किंवा स्वयंपाकघरातले सिंक यांना इन्स्टंट पुरेसा आहे. रॉडने वीज जास्त जात नाही, तरीही लहान मुले असलेल्या घरात मी तो ठेवू देणार नाही. स्टोरेजचा थर्मोस्टॅट ७५ वर नेऊन वर बादलीभर विसण घालण्यात काही अर्थ नाही; ६० अंश पुरतात. पहिल्या आंघोळीच्या अर्धा तास आधी गीझर लावावा आणि शेवटचा माणूस आत शिरताना बटण बंद करावे, कारण त्याच्या वाट्याचे पाणी तोवर टाकीत तापलेले असते.