कुलूप फोडल्याशिवाय कळलं नसतं ते

सरकारी पाळत उघड करण्यासाठी कायदा मोडणं नैतिक आहे का, हा वाद बहुतेक जण एडवर्ड स्नोडेनपासून सुरू करतात. एनएसए या अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेचे गुप्त कागद २०१३ मध्ये पत्रकारांना देणारा तो हाच. अमेरिकेत हा वाद त्याच्या ४२ वर्षं आधी रंगून गेला होता.

८ मार्च १९७१. अली-फ्रेझर या मुष्टियुद्धाच्या लढतीकडे देशाचं लक्ष होतं आणि आवाजही भरपूर होणार होता, म्हणून हीच रात्र निवडलेली. पेन्सिल्व्हेनियातल्या मीडिया या गावी एफबीआयचं एक छोटं कार्यालय होतं. आठ जणांनी ते फोडलं. म्होरक्या विल्यम डेव्हिडन भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, कुलूप उघडणारा कीथ फोरसाइथ टॅक्सी चालवायचा. बॉनी रेन्स आधी विद्यार्थिनी बनून, मुलाखतीच्या निमित्ताने आत जाऊन आल्या होत्या. हातमोजे त्यांनी शेवटपर्यंत काढले नाहीत आणि अलार्म नाही हे तेवढ्यात हेरलं. ऐन वेळी मुख्य दाराचं कुलूप काही उघडेना. मग दुसऱ्या दाराने, आतून टेकवलेलं जड कपाट पहारीने सरकवत फोरसाइथ आत शिरला. रेन्स दांपत्याला तीन मुलं होती. पकडलो गेलो तर ती कोणाकडे राहतील, हेसुद्धा घरच्यांशी बोलून ठरलं होतं. हौसेने केलेली चोरी नव्हे ही.

हाती लागलेल्या कागदांत एक टिपण होतं: व्हिएतनाम युद्धाच्या विरोधकांच्या मुलाखती वाढवा, म्हणजे प्रत्येक टपालपेटीमागे एफबीआयचा माणूस आहे असं त्यांना वाटू लागेल. पाळतीचा हेतू गुन्हेगार शोधण्याचा नसून माणसं धास्तावून ठेवण्याचा आहे, हे सरकारच्याच कागदावर आलं.

‘मग लोकप्रतिनिधींकडे का नाही गेले?’ हा ठरलेला प्रश्न. गेले होते की! सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न आणि काँग्रेस सदस्य पॅरेन मिचेल यांना कागद पाठवले. दोघांनीही ते एफबीआयला परत केले. सरकारने छापू नका म्हटलं तरी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने २४ मार्चला बातमी दिली. एका कागदावर ‘कॉइंटेलप्रो’ हा शब्द होता. त्याचा अर्थ लावायला एनबीसीचे कार्ल स्टर्न कोर्टात गेले आणि देशातल्याच चळवळी खिळखिळ्या करण्यासाठी एफबीआयने १९५६ पासून चालवलेली गुप्त मोहीम बाहेर आली. मार्टिन ल्यूथर किंग यांना १९६४ मध्ये एफबीआयने पाठवलेलं, आत्महत्या सुचवणारं निनावी पत्रही पुढे उघडकीस आलं. सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीची चौकशी झाली आणि १९७८ मध्ये परदेशी हेरगिरीच्या नावाखालच्या पाळतीसाठी एका खास न्यायालयाची परवानगी लागू लागली.

नैतिक पेच इथेच आहे. याच किंग यांनी १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलं होतं की अन्याय्य कायदा उघडपणे मोडावा आणि शिक्षा भोगायची तयारी ठेवावी. सविनय कायदेभंगाची परंपरा हेच सांगते. मीडिया गावातलं कार्यालय फोडणारे आठ जण मात्र लपले. शेकडोंच्या घरात एजंट लावूनही ते सापडले नाहीत, आणि त्यातल्या काहींनी स्वतःची नावं सांगितली ती थेट २०१४ मध्ये. मला तरी हा पळपुटेपणा वाटत नाही. शिक्षा भोगून साक्ष देण्याला अर्थ येतो तो कोर्ट ‘का केलंत?’ हे ऐकायला तयार असेल तर. गुप्त कागद फोडणाऱ्यांवर लावल्या जाणाऱ्या १९१७ च्या एस्पिओनाज ॲक्टमध्ये (हेरगिरीविरोधी कायद्यात) जनहितासाठी केलं या बचावाला जागा नाही. पेंटॅगॉन पेपर्स, म्हणजे व्हिएतनाम युद्धाबद्दलचे सरकारचे गुप्त कागद, फोडणारे डॅनियल एल्सबर्ग उघडपणे हजर झाले, तेही १९७३ मध्ये सुटले ते निर्दोष ठरून नव्हे. सरकारनेच त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञाचं कार्यालय फोडल्याचं निघालं आणि न्यायाधीशांनी खटला काढून टाकला.

वरिष्ठांकडे आणि चौकशी यंत्रणेकडे तक्रार करण्याचा सरळ मार्ग एनएसएच्या थॉमस ड्रेक यांनी धरला होता. शेवटी ते पत्रकाराशी बोलले आणि २०१० मध्ये त्यांच्यावर दहा आरोप ठेवले गेले. वर्षभराने एका किरकोळ गुन्ह्याच्या कबुलीवर प्रकरण मिटलं. स्नोडेन हे सगळं पाहत होता. मार्च २०१३ मध्ये गुप्तचर प्रमुख जेम्स क्लॅपर यांनी सिनेट समितीला सांगितलं की आम्ही कोट्यवधी अमेरिकनांची माहिती जाणूनबुजून गोळा करत नाही. जूनमध्ये स्नोडेनने दिलेल्या कागदांतून व्हेरायझन या फोन कंपनीच्या ग्राहकांच्या कॉल नोंदी रोजच्या रोज एनएसएला देण्याचा न्यायालयीन आदेशच छापून आला. म्हणजे १९७८ च्या त्याच परवानगी देणाऱ्या न्यायालयाचा, तोही गुप्त.

क्लॅपर यांच्यावर त्या साक्षीसाठी खटला झाला नाही. सप्टेंबर २०२० मध्ये एका अपील न्यायालयाने कॉल नोंदींचा तो कार्यक्रम बेकायदा ठरवला. तोवर स्नोडेन रशियात सात वर्षं काढून बसला होता, आणि निकालाने त्याच्यावरचे आरोप काही हटले नाहीत.