जुनी रेड वाईन आणि ‘बाटली कुणी भरली’ हा प्रश्न

जुन्या रेड वाईनच्या लिलावाची यादी चाळली, तर मळ्याचं नाव आणि साल यांच्या पाठोपाठ दोन नोंदी दिसतात. बाटलीत वाईन कुठवर उरली आहे ही एक, आणि ती भरली कुठे ही दुसरी. पहिलीत वाद घालण्यासारखं काही नाही. बुचातून वर्षानुवर्षं थोडी थोडी वाईन उडून जाते. पातळी मानेत असेल तर उत्तम, बाटलीच्या खांद्याखाली गेली असेल तर भाव पडलाच म्हणून समजा. दुसऱ्या नोंदीमागे मात्र फ्रान्सच्या बोर्दो या वाईनच्या प्रांतातलं शंभर वर्षांपूर्वीचं भांडण आहे.

त्याआधीचा काळ थोडक्यात उरकू. 10 एप्रिल 1663 रोजी लंडनमधल्या एका रोजनिशीकाराने ओ-ब्रियाँ या बोर्दोतल्या मळ्याच्या वाईनच्या वेगळ्याच चवीची नोंद करून ठेवली. आडवी ठेवता येणारी सरळ अंगाची बाटली अठराव्या शतकात रूढ झाली, बूच ओलं राहू लागलं आणि वाईन बाटलीत मुरवणं शक्य झालं. 1855 मध्ये बोर्दोच्या नामांकित मळ्यांची पाच श्रेणींत प्रतवारी झाली. ती दलालांनी बाजारभाव पाहून लावली होती, चव घेऊन नव्हे, एवढं लक्षात असू द्यावं.

ही वाईन तेव्हा 225 लिटरच्या पिंपांतून विकली जाई. मळेवाल्याचं काम द्राक्षं पिकवून रस आंबवण्यापर्यंत. पुढे सांभाळायची, गाळावरून निथळून घ्यायची आणि बाटल्या भरायच्या त्या व्यापाऱ्याने. पिंपं बोर्दोच्या धक्क्यावरून लंडनला, ब्रिस्टलला, बेल्जियमला जात आणि तिथेच बाटल्या भरल्या जात. वाईन फिकी पडली, तर तिच्यात ऱ्होन खोऱ्यातली दणकट एर्मिताज मिसळणं एकोणिसाव्या शतकात राजरोस चाले. काही गिऱ्हाइकांना ती तशीच आवडे.

1924 साली बोर्दोतल्या पोइयाक गावच्या एका मळ्याच्या विशीतल्या मालकाने ठरवलं, की सगळी वाईन आपल्याच आवारात बाटलीबंद करायची. कारण दिलं ते अस्सलपणाचं, आणि ते खोटं नव्हतं. पण लेबलावरचं नाव, आणि नावामागून येणारा पैसा, यांवरचा ताबाही त्यातून व्यापाऱ्याकडून मळ्याकडे आला, ही बाजू कौतुकात झाकली जाते. माल दोन-दोन वर्षं स्वतःकडे ठेवायचा म्हणजे भांडवल अडकणार आणि जागाही लागणार; त्या मळ्याने 1926 मध्ये प्रचंड कोठार बांधलं. बड्या मळ्यांना हे झेपलं. लहानांना कित्येक दशकं झेपलं नाही. (याच मालकाने 1973 मध्ये आपला मळा 1855 च्या प्रतवारीतल्या दुसऱ्या श्रेणीतून पहिलीत चढवून घेतला. माणूस चिकाटीचा.)

1973 मध्येच बोर्दोतल्या एका नामांकित व्यापारी पेढीचं प्रकरण बाहेर आलं. साधी वाईन बोर्दोच्या नावाने खपवल्याचा आरोप होता. पुढच्या वर्षी खटला उभा राहिला आणि व्यापारी वर्गाची पत गेली. तेव्हापासून व्यापाऱ्याने भरलेली प्रत्येक जुनी बाटली संशयित ठरली. हे मला अन्यायाचं वाटतं. बोर्दोच्याच शेव्हाल ब्लाँ मळ्याची 1947 ची वाईन घ्या. उन्हाळा इतका कडक, की आंबण्याची क्रिया मध्येच अडली. साखर थोडी शिल्लक राहिली, मद्यार्क 14 टक्क्यांच्या वर गेला आणि उडून जाणारं, व्हिनेगरसारखं आम्ल आजच्या प्रयोगशाळेत दोष ठरेल इतकं वाढलं. तरीही पोर्ट या गोड पोर्तुगीज वाईनसारखी गोडसर, दाट अशी ही वाईन विसाव्या शतकातल्या सर्वोत्तमांत गणली जाते. तिची काही पिंपं बेल्जियममध्ये भरली गेली, आणि त्या बाटल्यांना जाणकारांनी मळ्यावरच्या बाटल्यांच्या बरोबरीने वाखाणलं आहे. तळघरात मुरलेले हात तिथेही होते.

व्यापाऱ्याच्या बाटलीची अडचण चवीची नाही, पुराव्याची आहे. लेबलं साधी, बुचावर मळ्याचा शिक्का असेलच असं नाही. पण शिक्का असला म्हणजे निर्धास्त व्हावं असंही नाही. 1985 मध्ये लंडनला 1787 ची म्हणून 1,05,000 पौंडांना गेलेली बोर्दोच्या लाफित मळ्याची बाटली आजही वादात आहे. 2008 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात फ्रान्सच्याच बर्गंडी प्रांतातल्या एका वाईन घराण्याच्या नावाची क्लो सें-दनी (तिथल्या एका मळ्याची वाईन) आली, सालं 1945 पासूनची. त्या घराण्याने ही वाईन करायला सुरुवातच केली होती 1980 च्या दशकात! बाटल्या ऐनवेळी मागे घेतल्या गेल्या; पुरवणाऱ्या संग्राहकाला 2012 मध्ये अटक आणि 2014 मध्ये 10 वर्षांची शिक्षा झाली. लेबलं तो घरच्या स्वयंपाकघरात चिकटवायचा.

आता बाटली कुणाकुणाच्या तळघरातून फिरत आली, यावर निम्मा भाव ठरतो. थेट मळ्याच्या साठ्यातून आलेला माल त्यामुळेच चढ्या दराने जातो. पण ऑक्टोबर 2018 मध्ये न्यूयॉर्कला बर्गंडीच्या रोमाने-काँती मळ्याची 1945 ची एक बाटली 5,58,000 डॉलरला विकली गेली आणि तिने तोवरचे विक्रम मोडले; त्या साली जेमतेम 600 बाटल्या निघाल्या होत्या, मग वेली उपटल्या गेल्या. ती बाटली आली होती बर्गंडीतल्या एका व्यापाऱ्याच्या तळघरातून.