ईएसआयची वर्गणी (राज्य कामगार विमा)

सरकारी दवाखाना चालतो बजेटवर, आणि बजेट म्हणजे दरवर्षी नव्याने पदर पसरणं. ईएसआय म्हणजे कामगारांचा उपचार आणि आजारपणाचा विमा, त्याचं तसं नाही, इथे पैसा थेट पगारातून येतो, कामगाराचा ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के. म्हणजे पगार २०,००० असेल तर स्लिपवर १५० कापलेले दिसतात, मालक वरून ६५० टाकतो, आणि दिल्लीत कुणीही बसलं तरी महिन्याला हे ८०० जमा व्हायचेच. मालकाने स्वतःचा हिस्सा कामगाराकडून वसूल करायचा नाही असा नियम आहे (सीटीसीच्या, म्हणजे नोकरी देताना कंपनी सांगते त्या एकूण पॅकेजच्या आकड्यात तो गुपचूप धरलेला असतो, ती गोष्ट वेगळी).

योजनेचा मूळ आराखडा प्रा. बी. पी. आडारकरांचा, १९४४ चा. १९४८ ला कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूरला नेहरूंच्या हस्ते सुरुवात.

आता ही योजना राजकारणापासून लांब आहे म्हणतात ते अर्धंच खरं. ती चालवणाऱ्या महामंडळावर मालक, कामगार, डॉक्टर, राज्यं, खासदार असे सगळे असतात पण अध्यक्ष केंद्रीय कामगारमंत्रीच. दोघांची मिळून वर्गणी आधी ६.५ टक्के होती, ती जुलै २०१९ पासून सरकारने ४ वर आणली. योजनेत बसण्यासाठीची मासिक पगाराची मर्यादा जानेवारी २०१७ पासून २१,००० झाली, आणि ती महागाईबरोबर आपोआप वाढत नाही, त्यामुळे इन्क्रिमेंट मिळालं की माणूस योजनेतून बाहेर! लगेच नाही म्हणा, सप्टेंबर किंवा मार्चपर्यंतची सहामाही पूर्ण होईतो कापणी आणि उपचार दोन्ही चालू राहतात.

खरी गोम मात्र खर्चात आहे. उपचाराच्या ठरलेल्या खर्चाचा सात-अष्टमांश महामंडळ देतं, एक-अष्टमांश राज्य, पण बहुतेक दवाखाने चालवायचे राज्याने, म्हणजे डॉक्टरची भरती, औषधखरेदी सगळं राज्याच्या फायलींतून जाणार. अंधेरीसारखी काही हॉस्पिटलं महामंडळ स्वतः चालवतं. मग तिजोरीत पैसा आणि खिडकीवर "औषध नाही, बाहेरून घ्या" हे दोन्ही एकाच वेळी घडू शकतं, आणि तक्रार घेऊन गेलं की राज्यवाले महामंडळाकडे बोट दाखवतात, महामंडळवाले राज्याकडे.

आजारपणाच्या रजेचे पैसे मात्र या भानगडीत अडकत नाहीत. पात्र कामगाराला वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या साधारण ७० टक्के मिळतात, आणि ते महामंडळाचं शाखा कार्यालय थेट बँक खात्यात टाकतं.