विकास आराखड्यावर हरकत कशी नोंदवायची? कोण, केव्हा आणि कोणत्या कागदांसह

आपल्या भागातून नवा डीपी रस्ता (विकास आराखड्यात दाखवलेला रस्ता) जाणार, मैदानासाठी राखलेल्या जागेचं आरक्षण उठणार अशी कुणकुण लागली की प्रभागात बैठक भरते. सहायक आयुक्त येतात, लोक पोटतिडकीने बोलतात. अशा बैठका व्हायलाच हव्यात. पण तिथे कितीही बोललात तरी ती हरकत ठरत नाही. प्रारूप आराखड्यावरची, म्हणजे मंजुरीआधीच्या मसुद्यावरची हरकत मुदतीत आणि लेखी दिली, तरच सुनावणीचा हक्क मिळतो.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 26 नुसार प्रारूप आराखडा तयार झाला की राजपत्रात सूचना निघते. महापालिका वा नगरपरिषद हरकती-सूचना मागवते आणि आराखड्याचे नकाशे लोकांना पाहायला खुले करते. मुदत कुठे 30 दिवसांची, कुठे 60 दिवसांची असते. सूचनेत छापलेली तारीख धरून चाला, शेजाऱ्याने सांगितलेली नको.

हरकत कोण घेऊ शकतं? कोणीही. ज्याची जमीन जाते त्यानेच बोलायचं, हा समज फार पसरलेला आहे आणि त्यामुळे निम्मी वस्ती घरी बसते. भाडेकरू, दुकानदार, त्या मैदानावर खेळणाऱ्या मुलांचे पालक, गृहनिर्माण संस्था, सगळ्यांना हरकत घेता येते. त्यासाठी सातबाऱ्यावर नाव लागत नाही. एखादी तरतूद चांगली असेल तर ती कायम ठेवा, असंही आवर्जून लिहून द्या. विरोधातलेच अर्ज पोचले, तर ते मैदान कोणाला हवं आहे हे हरकती ऐकणाऱ्या समितीला कळणार कसं?

आधी नकाशा पाहा. नगररचना विभागात किंवा पालिकेच्या संकेतस्थळावर आपला सर्व्हे नंबर, गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर शोधा. आराखड्याच्या प्रमाणित प्रती आणि उतारे विकत मिळतात. आपल्या भागापुरता उतारा घेतलेला बरा.

अर्ज साध्या कागदावरही चालतो, पालिकेने नमुना दिला असेल तर तो वापरा. हरकतीला फी नाही. अर्जात नाव, पत्ता, फोन, जागेचा नंबर, नकाशावरचा आरक्षण क्रमांक किंवा रस्त्याची रुंदी, आणि तुम्हाला नेमका काय बदल हवा ते लिहा. ‘आमच्यावर अन्याय होतो आहे’ एवढ्यावर समिती काही करू शकत नाही. ‘अमुक सर्व्हे नंबरमधून दाखवलेला 12 मीटरचा रस्ता सध्या राहत्या इमारतीवरून जातो, तो पूर्वेच्या मोकळ्या जागेतून न्यावा’ असं लिहिलंत, तर अधिकाऱ्याला नकाशा उघडून पाहावंच लागतं.

जागा तुमची असेल तर सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मोजणी नकाशा आणि बांधकाम परवानगीची प्रत जोडा. संस्थेच्या वतीने अर्ज असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव. जागेचे फोटो सगळ्यांनीच जोडावेत. सामूहिक निवेदन जरूर द्या, पण शक्य असेल त्याने स्वतःचा स्वतंत्र अर्जही द्यावा. आवक विभागाचा शिक्का आणि आवक क्रमांक असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका, कारण सुनावणीचं पत्र आलं नाही तर हाच कागद दाखवायचा असतो.

यानंतर कलम 28 ची नियोजन समिती. तिच्यात पालिकेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. हरकतदाराला म्हणणं मांडायची संधी समितीने द्यायची असते. प्रत्यक्षात मिनिटं थोडीच मिळतात, तेव्हा एकच मुद्दा नकाशावर बोट ठेवून सांगा. स्वतः जाता येत नसेल तर सही केलेलं अधिकारपत्र देऊन कोणाला तरी पाठवा.

लेखी हरकतींनी काय होतं, ते मुंबईने पाहिलं आहे. 2034 पर्यंतचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या चुकांवर नागरिकांनी हरकतींचा ढीग घातला आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो दुरुस्तीसाठी परत पाठवला. सुधारित मसुदा मे 2016 मध्ये आला.

समितीच्या अहवालानंतर आराखडा कलम 30 खाली राज्य सरकारकडे जातो आणि कलम 31 खाली मंजूर होतो. सरकारने मोठे बदल सुचवले तर त्यांवर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. ही दुसरी संधी बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. मंजुरीनंतरही एखादं आरक्षण कलम 37 खाली बदलायचं ठरलं, तर सूचना काढून एक महिन्याच्या आत हरकती घ्याव्या लागतात. या सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानात बारीक टाइपात येतात. सोसायटीतल्या किंवा गल्लीतल्या एकाने त्या नियमित वाचायचं काम अंगावर घ्यावं आणि दिसल्या की त्याच दिवशी ग्रुपवर टाकाव्यात.