लिओनार्दोच्या भिंतीचे पोपडे का पडले?

मिलानमधे सान्ता मारिया देल्ले ग्रात्सिए हे चर्च आणि त्याला लागून डॉमिनिकन साधूंचा मठ आहे, बांधकाम १४६३ ला सुरू झालं, पुढे मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याला तिथे घराण्याची समाधी हवी होती म्हणून मागचा भाग पाडून मोठा घुमट उभा केला. घुमट वास्तुकार ब्रामान्तेचा असं मानतात. पण गर्दी असते साधूंच्या जेवणाच्या हॉलमधे, लिओनार्दो दा विंचीचं ‘लास्ट सपर’, म्हणजे येशूचं शिष्यांबरोबरचं शेवटचं जेवण, हे भिंतीवरचं चित्र बघायला. त्याच हॉलमधे समोरच्या भिंतीवर मोन्तोर्फानो नावाच्या चित्रकाराने १४९५ मधे येशूला क्रुसावर दिल्याचा प्रसंग रंगवलाय, आणि तो आजही ठणठणीत आहे!

कारण केमिस्ट्रीत आहे. मोन्तोर्फानोने फ्रेस्को केलं, म्हणजे चुन्याचा गिलावा ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग लावायचा. मग चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं आणि रंगाचे कण त्यातच पक्के अडकतात, रंग भिंतीचाच भाग होतो. अडचण एकच, गिलावा सुकायच्या आत काम उरकावं लागतं.

लिओनार्दोला हे झेपणारं नव्हतं. तो कधी पहाटेपासून अंधार पडेपर्यंत रंगवायचा, कधी ब्रशला हात न लावता तासनतास नुसता चित्राकडे बघत बसायचा, हे त्या मठात वावरलेल्या बान्देल्लो या लेखकाने लिहून ठेवलंय. त्याला छटांवर छटा चढवायच्या होत्या, केलेलं बदलायचं होतं, म्हणून त्याने कोरड्या भिंतीवर आधी अस्तर दिलं आणि वर तेल-अंड्यात कालवलेले रंग लावले. हा थर भिंतीला फक्त वरून चिकटलेला होता, मागून ओल आली की सुटायला लागायचा. चित्र १४९८ ला पूर्ण झालं आणि १५१७ मधे आलेल्या एका प्रवाशाने ते खराब होत असल्याचं नोंदवलंय, म्हणजे वीस वर्षंसुद्धा नीट टिकलं नाही.

दोष भिंतीचा होता की पद्धतीचा? मोन्तोर्फानोच्या चित्रात खाली लुदोविकोच्या कुटुंबाची माणसं लिओनार्दोची समजली जातात, तीही कोरड्यावरच काढलेली. आज तिथे जेमतेम आकार उरलेत, आजूबाजूचं फ्रेस्को मात्र शाबूत, इतका स्पष्ट प्रयोग कुणी मुद्दाम केला असता तरी जमला नसता.

१६५२ मधे ‘लास्ट सपर’च्या भिंतीत दार पाडलं त्यात येशूचे पाय गेले. ऑगस्ट १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात हॉलचं छप्पर आणि एक भिंत कोसळली, वाळूच्या पोत्यांमुळे चित्र वाचलं. नंतर १९७८ ते १९९९ पिनिन ब्राम्बिल्ला बार्चिलोन या बाईंनी मायक्रोस्कोपखाली इतरांनी चढवलेले जुने रंग काढले, तेव्हा ताटांमधले मासे आणि संत्र्याच्या फोडी परत दिसायला लागल्या. आता आत मोजक्याच लोकांना पंधरा मिनिटं सोडतात, कारण आपल्या श्वासातला दमटपणा आणि कपड्यांवरची धूळसुद्धा त्या थराला सोसत नाही.